लॉडविकचा खांब आणि त्यावर न कोरलेली माणसं

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण विषय आपल्याच डोंगरावरचा आहे, त्यामुळे सवडीने वाचा.

महाबळेश्वरला लॉडविक पॉइंटला आपण सगळेच कधी ना कधी गेलो आहोत. पाहुणे आले की त्यांना न्यायचं, हत्तीच्या सोंडेसारखा दिसणारा तो कडा दाखवायचा, समोर प्रतापगड दाखवायचा, आणि परत येताना कणीस घ्यायचं. वाटेत एक उंच खांब लागतो, साधारण पंचवीस फुटांचा. पाहुणे त्याला टेकून फोटो काढतात. त्या खांबावर इंग्रजीत काय कोरलंय हे किती जणांनी नीट वाचलंय?

मजकुराचा सारांश असा. हा खांब जनरल सर पीटर लॉडविक यांच्या स्मरणार्थ आहे. ते १७९९ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत लागले, पेशव्यांच्या फौजेविरुद्ध खडकीच्या लढाईत होते. १८२४ साली या डोंगरावर पाऊल ठेवणारे ते पहिले युरोपीय. इथली हवा किती आरोग्यदायी आहे हे त्यांनी जगाला कळवलं, त्यातून महाबळेश्वरचं आरोग्यस्थान उभं राहिलं आणि मुंबई इलाख्यावर मोठे उपकार झाले. याच टोकावर ते घनदाट जंगलातून तासन्‌तास वाट काढत एकटे पोचले, म्हणून सरकारच्या परवानगीने त्यांच्या मुलाने १८७४ साली इथे हे स्मारक उभारलं.

लॉडविक आदल्याच वर्षी, १८७३ला, फ्रान्समध्ये वारला होता. वय नव्वदच्या घरात. म्हणजे डोंगर चढल्यानंतर पन्नास वर्षांनी मुलाने बापासाठी केलेलं हे काम आहे. त्यात बापाचं कौतुक असणारच. त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही.

माझा मुद्दा वेगळा आहे. खांबावर शब्द आहेत 'पहिला युरोपीय'. आणि आपण आज सगळीकडे काय वाचतो? पर्यटनाच्या पुस्तिकेत, हॉटेलच्या भिंतीवर, गाइडच्या तोंडी, पोरांच्या निबंधात? 'महाबळेश्वरचा शोध इंग्रजांनी लावला.' जो दावा खुद्द लॉडविकच्या मुलाने केला नाही, तो आपण आपल्या हाताने त्याच्या बापाच्या पदरात टाकून मोकळे झालो. दगड खरं बोलतोय, भाषांतर आपण चुकीचं केलंय.

१८२४ साली हा डोंगर रिकामा होता का?

खांबापासून सरळ रेषेत काही किलोमीटरवर क्षेत्र महाबळेश्वर आहे. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम मानलं जाणारं पंचगंगेचं देऊळ तिथे आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाने कृष्णेच्या उगमाशी देऊळ आणि कुंड बांधलं, असं परंपरा सांगते. म्हणजे लॉडविकच्या आधी सहाशे वर्षं इथे यात्रा भरत होती, लोक वाईहून चालत वर येत होते, कोकणातून घाट चढून येत होते. त्या देवळाशी पिढ्यान्‌पिढ्या जोडलेली कोळी घराणी होती. त्यांना गंगापुत्र म्हणत. कुंडात स्नान करणाऱ्यांनी वाहिलेल्या दक्षिणेवर त्यांचा हक्क होता. डोंगरात कोळी होते, कुणबी होते, धनगर होते, धावड होते. धावडांविषयी पुढे सांगतो.

खाली जावळीचं खोरं. चंद्रराव मोऱ्यांची जावळी. १६५६ साली शिवाजी महाराजांनी ती घेतली आणि लगेच भोरप्याच्या डोंगरावर मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखाली प्रतापगड बांधून काढला. १० नोव्हेंबर १६५९ला अफजलखान त्याच गडाच्या पायथ्याशी संपला. लॉडविक पॉइंटवर उभं राहिलं की प्रतापगड समोर दिसतो, हे तर सगळ्यांना माहीत आहे. मग ज्या जंगलात आदिलशाही फौज वाट चुकली आणि मावळ्यांनी तिला गाठून मारलं, ते जंगल १६५ वर्षांनी कोणीतरी 'शोधून' काढलं, हे म्हणताना आपल्याला जरासुद्धा अडखळायला होत नाही?

आणि पार घाट. कोकणातून देशावर येणारी जुनी वाट. महाडकडून माल यायचा, मीठ यायचं, बैलांचे तांडे यायचे. पार गावात रामवरदायिनीचं देऊळ आहे, जुना दगडी पूल आहे. आजही त्यावरून माणसं जातात. ज्या डोंगराच्या कुशीत इतकी वर्दळ होती, तिथे 'अज्ञात प्रदेश' नव्हता. अज्ञात होता तो मुंबईच्या साहेब लोकांना.

तरीही लॉडविक त्या टोकापर्यंत चढला ही गोष्ट खोटी ठरत नाही. सोबत फक्त एक कुत्रा होता आणि तोही बिबट्याने उचलून नेला असं सांगतात. माणूस धाडसी होता, निसर्गाचं वेड असलेला होता. पण तो एकटाच रानात हिंडायला आलेला प्रवासी नव्हता, तो साताऱ्याला असलेल्या कंपनीच्या फौजेतला अधिकारी होता. साताऱ्याला कंपनीची फौज का होती, हे कळल्याशिवाय खांब कळत नाही.

थोडं मागे जाऊ.

नोव्हेंबर १८१७ला खडकीची लढाई झाली. पेशवाई बुडाली. फेब्रुवारी १८१८ला आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले आणि छत्रपती प्रतापसिंह महाराज इंग्रजांच्या हाती आले. एल्फिन्स्टनने हिशोब केला की मराठ्यांच्या मनात सातारच्या गादीला अजून मान आहे, तेव्हा ती गादी जपावी, पण आपल्या मुठीत ठेवावी. प्रतापसिंहांना साताऱ्याला गादीवर बसवलं. सप्टेंबर १८१९ला तह झाला. राज्य महाराजांचं, पण परराष्ट्र व्यवहार, फौज, सगळं कंपनीच्या सल्ल्याने. सल्ला द्यायला जेम्स ग्रँट डफ बसवला. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा तोच ग्रँट डफ. त्याच्यानंतर ब्रिग्ज आला.

म्हणजे १८२४ साली लॉडविक ज्या डोंगरावर चढला तो डोंगर कंपनीचा नव्हता. तो सातारकर छत्रपतींच्या राज्यातला होता. ही साधी गोष्ट खांबावर नाही आणि आपल्या एकाही माहितीफलकावर मी वाचलेली नाही.

लॉडविकने इथल्या हवेबद्दल मुंबईच्या वर्तमानपत्रात लिहिलं. त्या काळी गोऱ्या शिपायांना आणि अधिकाऱ्यांना हिंदुस्थानची हवा मानवत नसे. पटकी, हिवताप, अतिसार यांत माणसं पटापट मरत. लढाईत मरायची त्यापेक्षा जास्त दवाखान्यात मरायची. आजाऱ्याला विलायतेला पाठवायचं तर महिनोन्‌महिने समुद्रात. मुंबईपासून जमिनीच्या वाटेने गाठता येईल अशी चार हजार फुटांवरची थंड जागा ही कंपनीसाठी लष्करी गरज होती. 'उन्हाळ्यात मजा करायला जागा' हा भाग नंतरचा.

ब्रिग्जने १८२६च्या सुमाराला इथे येऊन पाहिलं आणि महाराजांना गळ घातली की साताऱ्याहून वर येणारा रस्ता करून द्या. महाराजांनी तो करून दिला. आज आपण ज्या घाटातून वर जातो त्याची सुरुवात सातारच्या खजिन्यातून झाली. प्रतापसिंह महाराजांना अशा कामांची हौस होतीच. साताऱ्यातले रुंद रस्ते, महादऱ्याचं पाणी, शाळा, छापखाना, ही त्यांचीच कामं. त्या माणसाने डोंगरावर रस्ता नेला यात नवल नाही. नवल हे की तो रस्ता करणाऱ्याचं नाव वर कुठे नाही आणि त्याच डोंगरावर छडी घेऊन फिरायला आलेल्याच्या नावाचा खांब आहे.

१८२८ साली मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम स्वतः इथे आला. माल्कम मोठा धूर्त आणि मोठा उत्साही माणूस. त्याने ठरवलं की इथे आरोग्यस्थान उभं करायचं, गोऱ्या शिपायांसाठी इस्पितळ काढायचं, अधिकाऱ्यांना बंगल्यांसाठी जागा द्यायच्या. पण जमीन महाराजांची. मग १८२९ साली करार झाला. महाराजांनी डोंगरावरचा हा मुलूख कंपनीला द्यायचा, त्याच्या बदल्यात कंपनीने वाई प्रांतातलं खंडाळा गाव महाराजांना द्यायचं. आणि नव्या वसाहतीला नाव पडलं माल्कमपेठ. जुन्या सातबाऱ्यांवर, जुन्या कागदांवर हे नाव अजून सापडतं. घरात जुनी दस्तऐवजांची पेटी असेल तर काढून बघा.

आता हा सौदा दोन बरोबरीच्या पक्षांमधला होता का? कागदावर होता. पण एका बाजूला ज्याला कंपनीनेच अकरा वर्षांपूर्वी गादीवर बसवलं तो राजा, आणि दुसऱ्या बाजूला मुंबईचा गव्हर्नर. 'नाही' म्हणायची कितपत सोय होती याचा अंदाज आपण करू शकतो. आणि त्या डोंगरावर राहणाऱ्या कोळ्या-धनगरांना कोणी विचारलं का? त्यांचा उल्लेख करारात पक्ष म्हणून असायचं कारणच नव्हतं.

वसाहत उभी कोणी केली, हा पुढचा प्रश्न. आराखडा साहेबांचा, पण हात कोणाचे?

इथे एक गोष्ट सांगतो जी महाबळेश्वरच्या बऱ्याच जुन्या लोकांना ऐकून माहीत असते, पण बाहेरच्यांना कळली की ते थक्क होतात. इथे एक तुरुंग होता. साधारण १८३४पासून १८६४पर्यंत. त्यात चिनी आणि मलायी कैदी होते, एका वेळी शंभर-सव्वाशेच्या आसपास. इंग्रजांच्या पूर्वेकडच्या वसाहतींत शिक्षा झालेली ही माणसं. समुद्रापार आणून सह्याद्रीच्या माथ्यावर ठेवलेली. त्यांच्याकडून रस्त्यांची कामं करून घेतली, बागा लावून घेतल्या. बटाटा आणि विलायती भाज्यांची लागवड इथे पसरली ती मोठ्या प्रमाणात या कैद्यांच्या हातून. वेताच्या टोपल्या, खुर्च्या विणण्याचं कामही ते करत. तुरुंग बंद झाला, माणसं पांगली. मागे राहिलं ते एका धबधब्याचं नाव, 'चायनामन फॉल'. त्यांच्या बागा त्या बाजूला होत्या म्हणून. आज महाबळेश्वरच्या शेतीचं कौतुक होतं, स्ट्रॉबेरीला २०१०मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा अभिमान आहेच. पण या डोंगरावर बागायतीचे वाफे घालायला ज्यांनी सुरुवात केली त्यातल्या एकाचंही नाव आपल्याला ठाऊक नाही. त्यांच्यासाठी कुठे वीतभर पाटीही नाही.

वेण्णा तलाव घ्या. बोटिंग, घोडे, भेळ, सगळं जग तिथे लोटतं. तो तलाव १८४२ साली सातारचे छत्रपती शहाजीराजे, म्हणजे आप्पासाहेब महाराज, यांनी बांधवला. गावाला पाणी मिळावं म्हणून. हेसुद्धा बहुतेक पर्यटकांना 'इंग्रजांनी बांधलेला तलाव' म्हणून सांगितलं जातं. रस्ता सातारच्या राजाचा, तलाव सातारच्या राजाचा, जमीन सातारच्या राजाची. आणि महाबळेश्वर 'इंग्रजांनी वसवलं'.

मिळालं कोणाला ते सांगितलं. गेलं कोणाचं तेही सांगायला हवं.

धावड म्हणजे लोखंड गाळणारी माणसं. आपल्याकडचा धावड समाज मुसलमान. जांभ्या दगडातलं लोहखनिज शोधायचं, कोळसा पाडायचा, छोट्या भट्टीत भात्याने वारा घालून लोखंड काढायचं, हा त्यांचा पिढीजात धंदा. आजूबाजूच्या गावांतली कुदळ, फाळ, कोयती या लोखंडाची. आता भट्टीला लागतो लाकडी कोळसा आणि कोळशाला लागतं रान. वसाहत झाल्यावर रानाला किंमत आली. साहेबांच्या बंगल्यांभोवतीची झाडी राखायची, नद्यांचे उगम राखायचे, म्हणून तोडीवर बंधनं आली. दुसरीकडून विलायती लोखंड स्वस्तात येऊ लागलं. दोन्ही बाजूंनी कात्रीत सापडून धावडांच्या भट्ट्या विझल्या. एका पिढीत कारागीर मजूर झाले. या डोंगरावर लोखंड निघत होतं, ही गोष्टच आता कोणाला खरी वाटत नाही.

तसंच कुमरीचं. उतारावरचं रान तोडून, जाळून, त्या राखेत दोन-तीन वर्षं नाचणी, वरी, सावा घ्यायचा आणि मग ती जागा पडीक सोडून पुढे जायचं. डोंगरातल्या गरीब कुटुंबांचं पोट यावर होतं. जंगलखातं आलं तशी तीही बंद पडत गेली. यात एक प्रामाणिक गोष्ट सांगायला हवी. ती बंधनं आली नसती तर आज जे सदाहरित रान उरलंय ते कितपत उरलं असतं, हा प्रश्न आहे. म्हणजे सगळं काळं किंवा सगळं पांढरं असा हा इतिहास नाही. पण राखलेल्या रानाची किंमत कोणी मोजली आणि त्या रानातली थंड हवा कोणी खाल्ली, ही दोन वेगवेगळी माणसं होती. एवढं तरी मान्य करायला हरकत नसावी.

आता परत लॉडविककडे येऊ. कारण त्याच्या आयुष्यातला एक तुकडा असा आहे जो महाबळेश्वरच्या डोंगरापेक्षा सातारच्या माणसाला जास्त जवळचा आहे, आणि तो खांबाच्या संदर्भात कधीच सांगितला जात नाही.

हाच लॉडविक पुढे साताऱ्याचा रेसिडेंट झाला. १८३६ साली प्रतापसिंह महाराजांवर आरोप आला की त्यांनी कंपनीच्या पलटणीतल्या देशी सुभेदारांना फितवायचा प्रयत्न केला. चौकशीसाठी गुप्त समिती नेमली. त्या समितीत तिघे होते: लॉडविक, विलोबी आणि ओव्हन्स. महाराजांना उघड न्यायालय नाही, आपल्या बाजूने साक्षी उभ्या करण्याची नीट संधी नाही, आरोपांचे कागदही वेळेवर हातात नाहीत. लॉडविकनंतर रेसिडेंट म्हणून तोच ओव्हन्स आला आणि त्याच्या काळात महाराजांवर आणखी आरोप रचले गेले. १८३९ साली गव्हर्नर कार्नाक साताऱ्याला आला. त्याने महाराजांपुढे कबुलीचा कागद ठेवला. सही करा, गादी ठेवा. महाराजांनी सही केली नाही. जे केलं नाही ते कबूल करणार नाही, ही त्यांची भूमिका. सप्टेंबर १८३९ला त्यांना पदच्युत करून काशीला पाठवलं. तिथेच १८४७ साली त्यांचं निधन झालं.

त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते न्याय मागायला लंडनला गेले आणि वर्षानुवर्षं तिथे झगडले. निराश होऊन परत आले आणि १८५७च्या उठावात सामील झाले. त्यांच्या मुलाला साताऱ्यात फाशी झाली. रंगो बापूजी स्वतः मात्र इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत. गादीवर बसवलेले आप्पासाहेब १८४८ला वारले आणि डलहौसीने औरस वारस नाही म्हणून राज्यच खालसा केलं.

तारखा एकापुढे एक ठेवून बघा. १८२४, लॉडविक महाराजांच्या डोंगरावर चढतो. १८२९, डोंगर कंपनीकडे जातो. १८३६, तोच लॉडविक महाराजांविरुद्धच्या समितीत बसतो. १८३९, महाराज जातात. १८४८-४९, राज्य जातं. आणि १८७४ साली खांब उभा राहतो त्यावर हवेचं कौतुक आणि मुंबई इलाख्यावरचे उपकार.

लॉडविक एकटाच या सगळ्याला जबाबदार होता असं मी म्हणत नाही. निर्णय वरून झाले. पण डोंगर चढणं आणि राज्य गिळणं या दोन गोष्टी एकाच काळात, एकाच नोकरीतली माणसं करत होती. नकाशा काढणं, हवा तपासणं, रस्ता मागणं, जमीन बदलून घेणं, रेसिडेंट बसवणं, हे एकाच साखळीचे दुवे आहेत. खांब त्यातला पहिला दुवा दाखवतो आणि बाकीची साखळी झाकतो.

नावांबद्दल थोडं. कारण हा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात.

विल्सन पॉइंट म्हणून आपण ज्या सर्वांत उंच टेकडीवर सूर्योदय बघायला जातो, तिचं नाव सिंदोळा. विल्सन हा १९२३ ते १९२८ या काळातला मुंबईचा गव्हर्नर. म्हणजे हे नाव शंभर वर्षांचंही जेमतेम आहे. केट्स पॉइंट ही नाकेखिंड. केट म्हणजे माल्कमची मुलगी. आर्थर सीटचं जुनं नाव मढीमहाल. काही जण म्हणतात, ही इंग्रजी नावं ऐतिहासिक आहेत, हात लावू नका. त्यांना एवढंच सांगायचंय की ज्या टोकावर लॉडविकचा खांब आहे त्याचंसुद्धा आधीचं इंग्रजी नाव सिडनी पॉइंट होतं. सर सिडनी बेकविथ याच्यावरून. हा गृहस्थ १८३१ साली महाबळेश्वरलाच वारला, त्याचंही स्मारक गावात आहे. पुढे सरकारी हुकुमाने सिडनीचं नाव काढून लॉडविकचं लावलं. हे खांबावरच्या मजकुरातच आहे. कॉनॉट पीक आधी माउंट ऑलिंपिया होतं. १८८०च्या सुमाराला राणीचा मुलगा येऊन गेला आणि नाव बदललं. म्हणजे साहेब लोक स्वतःचीच नावं सोयीने बदलत होते. नाव बदलणं हे काही आपण आज काढलेलं पाप नाही.

पण दुसऱ्या तटालाही सांगायचंय. खांब पाडा, नाव पुसा, एवढ्याने काय होणार? प्रतापसिंह महाराजांचा रस्ता लोकांना कळणार का? चिनी कैदी, धावड, गंगापुत्र कोळी कळणार का? पुसलेल्या जागी पुन्हा एकच नाव कोरलं की बाकीचे परत अंधारातच. खांब राहू द्या. तो पुरावा आहे, एका काळात कोणाला काय आठवावंसं वाटलं त्याचा. मला हवाय तो त्याच्या शेजारी मराठीत एक साधा, नीट लिहिलेला फलक. फार नाही, दहा ओळी. हा डोंगर कोणाचा होता, वर कोण राहत होतं, रस्ता कोणी केला, जमीन कशी गेली, बागा कोणी लावल्या आणि ज्याच्या नावाचा हा खांब आहे त्याने पुढे साताऱ्यात काय काम केलं. सिंदोळा, नाकेखिंड, मढीमहाल ही नावं इंग्रजी नावांच्या वर, मोठ्या अक्षरात. वाचणारा काय ते ठरवेल.

यासाठी काही कोटी लागत नाहीत. पालिकेने मनावर घेतलं तर एका हंगामाच्या प्रवेशकरातला चिमूटभर भागही पुरेल. साताऱ्यात इतिहासाची जाण असलेली माणसं कमी नाहीत. रावबहाद्दूर दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी शंभर वर्षांपूर्वी, १९१६ साली, महाबळेश्वरवर स्वतंत्र पुस्तक लिहून ठेवलंय. सामग्री हाताशी आहे, फक्त ती दगडावर आणायची आहे.

आणि कोणी म्हणेल, आत्ताच हे का उकरून काढताय? तर त्याचं कारण जुनं नाही, आजचं आहे.

'नवीन महाबळेश्वर' हे शब्द गेली काही वर्षं आपण ऐकतोय. राज्य रस्ते विकास महामंडळाकडे काम दिलंय. सुरुवातीच्या आराखड्यात सातारा, जावळी, पाटण अशा भागातली २३५ गावं होती. कोयना-कांदाटी खोऱ्यातली, डोंगरातली गावं. यातली कित्येक कुटुंबं कोयना धरणात एकदा उठलेली. जुन्या महाबळेश्वर-पाचगणीचा भार इतका झाला की २००१ साली हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर करावा लागला, आणि आता तोच भार वाहायला शेजारचा डोंगर शोधलाय. रोजगार येईल, रस्ते येतील, पोरं मुंबईहून परत येतील, ही आशा खरी आहे आणि तिची चेष्टा करायचा मला अधिकार नाही. त्या गावांत दवाखाना गाठायला किती तास लागतात हे तिथल्यांना विचारा.

पण आराखड्याची भाषा जरा कान देऊन ऐका. 'न पाहिलेली ठिकाणं', 'अस्पर्शित निसर्ग', 'नवी ओळख'. दोनशे वर्षांपूर्वी याच डोंगराबद्दल असंच बोललं गेलं होतं. जिथे माणसं राहतात, देव आहेत, वाटा आहेत, खाचरं आहेत, त्या जागेला अस्पर्शित म्हटलं की पुढचं काम सोपं होतं. जमिनी आत्ताच कोणाच्या नावावर जाताहेत, तलाठी कार्यालयात कोण जास्त दिसतंय, हे गावागावात लोक बघताहेत. १८२९ साली डोंगराच्या बदल्यात निदान एक खंडाळा गाव तरी मिळालं होतं. या वेळी बदल्यात काय, ते गावसभेत विचारलं पाहिजे, लिहून घेतलं पाहिजे आणि सही करण्याआधी दोनदा वाचलं पाहिजे.

प्रतापसिंह महाराजांनी गादी गेली तरी नको त्या कागदावर सही केली नाही. या मातीतली ही आठवण पन्नास खांबांच्या तोडीची आहे.

डोंगरातल्या गावांत राहणाऱ्यांना एक विनंती. तुमच्याकडे कड्यांची, झऱ्यांची, सड्यांची, वाटांची जुनी नावं असतील. आजी-आजोबांना अजून आठवत असतील. ती विचारून वहीत लिहून ठेवा. नाव, जागा आणि ते का पडलं याची गोष्ट. कारण उद्या तिथे कोणी पाटी लावायला आलं, तर त्याला सांगता आलं पाहिजे की बाबा रे, या जागेला नाव आहे.